प्रोपेन की वीज: मिनेसोटातल्या तीन हिवाळ्यांचा हिशोब

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही रोचेस्टर शहराबाहेर घर घेतलं. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यातलं हे रोचेस्टर मेयो क्लिनिकमुळे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. नोकरीसाठी आलो, तेव्हापासून शहरातल्या अपार्टमेंटमध्येच राहत होतो आणि तिथे हीटिंग भाड्यातच धरलेलं होतं. थर्मोस्टॅटचा आकडा वाढवला की घर गरम, इतकाच आमचा त्या विषयाशी संबंध. नवं घर मक्याच्या शेताला लागून आहे. शहराची गॅसची पाइपलाइन अलीकडेच संपते. मागच्या अंगणात एक पांढरी, लांबोडकी टाकी होती. घर बघायला आलो त्या दिवशी मुलाला ती पाणबुडी वाटली होती.

त्या टाकीत प्रोपेन असतं. आपल्याकडच्या लाल सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं. इथे घरांना देतात ते प्रोपेन. कारण साधं आहे. ब्युटेनची वाफ व्हायची शून्य सेल्सिअसच्या आसपासच थांबते, प्रोपेन उणे ४२ पर्यंत उकळत राहतं. टाकी ५०० गॅलनची असली तरी ८० टक्केच भरतात, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. म्हणजे हाती ४०० गॅलन. एक गॅलन साधारण १.९ किलोचं. पहिल्यांदा टाकी भरली त्या संध्याकाळी मी साताऱ्याला आईशी फोनवर बोलत होते आणि बोलता बोलता भागाकार केला. १४.२ किलोच्या हिशोबाने त्रेपन्न सिलिंडर एकाच वेळी आमच्या अंगणात! "अगं, एवढ्यात आपल्या अख्ख्या वाड्याचं वर्ष निघेल," आई म्हणाली. आमच्याकडे नाताळच्या आठवड्यात टाकीचा काटा १५ टक्क्यांवर आला होता.

पहिल्या वर्षी आम्ही कुठलाही करार केला नव्हता. गॅस संपत आला की फोन करायचा आणि त्या दिवशीचा जो भाव असेल तो द्यायचा. हिवाळा संपेपर्यंत ११०० गॅलन लागले, सरासरी २.२९ डॉलरने. अडीच हजार डॉलरच्या वर खर्च, आणि त्यात विजेचं बिल वेगळं.

जानेवारीतच आम्ही घाबरलो होतो. ओळखीच्या एकांनी सांगितलं, की विजेचे हीटर शंभर टक्के कार्यक्षम असतात, एक कणही वाया जात नाही. हे बरोबर आहे, आणि यातच घोटाळा आहे. आम्ही १५०० वॉटचे तीन हीटर आणले, तीन खोल्यांत लावले आणि मुख्य थर्मोस्टॅट खाली केला. रोज सरासरी दहा तास ते चालायचे. महिनाअखेरीला बिलात १३५० युनिट जास्तीचे दिसले. आमच्याकडे युनिट १५ सेंटला पडतं, म्हणजे २०२ डॉलर. प्रोपेनचं बिल कमी झालं होतं हे खरं. पण किती? ते शोधायला मी पहिल्यांदा वही घेऊन बसले, आणि ती वही अजून चालू आहे.

हिशोब अवघड नाही. एका युनिट विजेतून ३,४१२ बीटीयू (हे इथलं उष्णतेचं माप) उष्णता मिळते. एका गॅलन प्रोपेनमध्ये सुमारे ९१,५०० बीटीयू असतात. भागाकार केला की एक गॅलन म्हणजे जवळपास २७ युनिट. हा २७ चा आकडा पाठ करून ठेवावा असा आहे. गॅलनच्या भावाला २७ ने भागा, तेवढ्यात एक युनिट वीज मिळत असेल तर दोन्ही सारखे. २.२९ भागिले २७ म्हणजे साडेआठ सेंट. आमची वीज १५ सेंट. इथेच उत्तर स्पष्ट होतं.

पण प्रोपेनची सगळी उष्णता घरात येत नाही. आमची फर्नेस, म्हणजे प्रोपेन जाळून घरभर गरम हवा सोडणारी भट्टी, १९९९ ची, ८० टक्क्यांची. हे ओळखायला पाटी वाचायचीही गरज नाही. जुन्या फर्नेसमधून पत्र्याचं धुराडं छतातून वर जातं आणि त्याला हात लावला तर भाजतं. ९५ टक्केवाल्या नव्या फर्नेसच्या धुरात इतकी कमी उष्णता उरते, की त्याला प्लास्टिकचा पाइप चालतो. म्हणजे आमच्या ९१,५०० पैकी ७३,२०० घरात आणि बाकीचे धुराड्यातून आकाशात. तरीसुद्धा त्या तीन हीटरांनी दिलेली उष्णता प्रोपेनवर १४४ डॉलरमध्ये मिळाली असती. आम्ही २०२ मोजले. हीटरने बचत होते ती एकाच परिस्थितीत. दिवसभर एकाच खोलीत बसायचं आणि बाकीचं घर थंड पडू द्यायचं. लहान मूल असलेल्या घरात हे होत नाही.

फेब्रुवारीतली एक सकाळ मात्र हिशोबात न मावणारी आहे. त्या हिवाळ्यात बर्फ थांबायचं नाव घेत नव्हता. मिनियापोलिसला तर ९० इंचांवर बर्फ पडला, तिथल्या नोंदींमधला तिसऱ्या क्रमांकाचा. कंपनीने बजावलं होतं, की काटा तिसाच्या खाली आला की फोन करा. आठवडाभर दोघंही कामात होतो आणि टाकी बर्फाखाली होती, दिसत नव्हती. शनिवारी फावडं घेऊन मी मांडीएवढ्या बर्फातून टाकीपर्यंत वाट काढली. वरच्या घुमटासारख्या झाकणावर टोपीसारखा बर्फ साचला होता. तो हाताने लोटला. झाकण गोठून चिकटलं होतं, दोन-तीन धक्के दिल्यावर उघडलं. आत पितळी व्हॉल्व्हच्या बाजूला बशीएवढी तबकडी, तिच्या काचेवर दव गोठलेलं. हातमोज्याच्या अंगठ्याने ते खरवडलं. काटा ७ वर.

गाडी यायला ड्राइव्हवे साफ हवा आणि टाकीपर्यंत माणूस चालू शकेल एवढी वाट हवी, ही त्यांची अट रास्तच आहे. दोघांनी दुपारपर्यंत बर्फ उपसला. शनिवारचा तातडीचा फेरा म्हणून १५० डॉलर वेगळे पडले. टाकी पूर्ण रिकामी झाली असती तर आणखी पंचाईत होती, कारण मग सगळ्या पाइपांची गळती तपासल्याशिवाय पुन्हा गॅस सुरू करून देत नाहीत. टाकी बहुधा कंपनीच्या मालकीची असते, त्यामुळे दुसऱ्या कोणाकडून स्वस्तात भरून घ्यायचीही सोय नसते. हे सगळं "गॅलनला किती" या आकड्यात येत नाही. प्रोपेनची तुलना करताना हे खर्च वहीच्या डाव्या पानावर लिहायला हवेत: टाकीचं भाडं, फेऱ्याचा आकार, धोकादायक मालाचा आकार. विजेच्या कंपनीचा मासिक स्थिर आकार तुम्ही हीटर लावा न लावा भरावाच लागतो, म्हणून तो तुलनेत धरायचा नाही.

शेजारचे आजोबा शेतकरी. मका आणि सोयाबीन करतात, शेती आता मुलाकडे आहे. आमची ती बर्फातली धावपळ त्यांनी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी कॉफीला बोलावलं. त्यांच्याकडून मला कळलं, की प्रोपेनचा भाव थंडी ठरवते त्याच्याही आधी मका ठरवतो. पाऊस लांबला, मका ओला निघाला, की तो साठवण्याआधी वाळवावा लागतो. वाळवायचे मोठे ड्रायर प्रोपेनवर चालतात. २०१३ च्या शरदात तसंच झालं. ओल्या पिकाने प्रोपेनची गोदामं रिकामी केली आणि पाठोपाठ कडाक्याची थंडी आली. जानेवारी २०१४ च्या अखेरीस देशभरातला घरगुती सरासरी भाव गॅलनला चार डॉलरवर गेला आणि आमच्या या मध्य-पश्चिम पट्ट्यात तर त्याहून वर. "त्या महिन्यात लोकांनी एकेका खोलीत घर गोळा केलं होतं," आजोबा म्हणाले. मग त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली: भाव जुलैत बांधून घ्यायचा.

२०२३ च्या जुलैत आम्ही तसंच केलं. ११०० गॅलनचे पैसे आगाऊ भरले, १.८९ ने. नंतरचा हिवाळा आलाच नाही म्हटलं तरी चालेल. ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस आणि सेंट पॉलच्या, नोंदींमधला तो सर्वात उबदार हिवाळा ठरला. नाताळला पाऊस पडला, मुलगा स्लेज घेऊन नुसता बसून होता. एप्रिलअखेर सव्वादोनशे गॅलन खात्यावर शिल्लक होते.

आम्ही मात्र खूष होतो, कारण शरदात दोघांनी मिळून खिडक्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या होत्या, पोटमाळ्याच्या झाकणाला फोम चिकटवला होता. वापर इतका घटला तो त्याचाच परिणाम, असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्या मराठी मंडळातल्या एका इंजिनिअर मित्राने जेवताना विचारलं, "डिग्री-डे किती होते ते पाहिलंस का?" मी पाहिले नव्हते.

डिग्री-डे म्हणजे थंडीचं माप. दिवसाचं सरासरी तापमान ६५ फॅरेनहाइटच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे डिग्री-डे. सरासरी २० असेल तर ४५. सगळे दिवस बेरजेत घेतले की त्या हिवाळ्याने घराकडून किती उष्णता मागितली ते कळतं. विमानतळाचे रोजचे आकडे सहज मिळतात. मी दोन्ही हिवाळ्यांची बेरीज केली, अंघोळीचं पाणी आणि शेगडी यांच्यासाठी महिन्याला नऊ गॅलन वजा केले आणि उरलेल्या गॅलनना त्या बेरजेने भागलं. पहिला हिवाळा: १०० डिग्री-डेला १३ गॅलन. दुसरा हिवाळा: १०० डिग्री-डेला जवळपास १३ गॅलन. घर तेच होतं. पट्ट्यांनी थंड झुळूक थांबली, तेवढं सुख खरं, पण बिल आकाशाने कमी केलं होतं.

हा आकडा हाती आल्यावर माझी भीती गेली, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे. लोक या हिवाळ्याचं विजेचं बिल मागच्या हिवाळ्याच्या गॅसच्या बिलाशेजारी ठेवतात आणि निकाल देतात. असे कितीतरी निकाल मी ऐकले आहेत, दोन्ही बाजूंचे, आणि त्यातले बहुतेक हवामानाबद्दल असतात, इंधनाबद्दल नसतात.

जून २०२४ मध्ये घराचा एसी बंद पडला. कॉम्प्रेसर गेला होता. उन्हाळ्यात इथे मक्याच्या शेतांमुळे हवा इतकी दमट होते, की एसीविना झोप लागत नाही. त्यामुळे बदलायचा होताच, आणि इथे हीट पंपाचा विषय निघाला.

हीट पंप म्हणजे उलटाही चालणारा एसी. बाहेरच्या थंड हवेतूनही उष्णता खेचून तो घरात आणतो. उष्णता तयार करत नाही, नुसती वाहून आणतो, म्हणून एका युनिट विजेत दोन-तीन युनिटांची उष्णता मिळते. किती पट मिळाली त्याला सीओपी म्हणतात. साध्या हीटरचा सीओपी एक. म्हणजे "वीज की प्रोपेन" या प्रश्नात वीज ही एक गोष्ट नाहीच, दोन आहेत, आणि त्यांच्यात दुप्पट-तिप्पट फरक आहे.

तीन ठेकेदार बोलावले. पहिले म्हणाले, मिनेसोटात हीट पंप चालत नाहीत, विषय संपला. दुसऱ्यांनी घराचं क्षेत्रफळ विचारलं, मनातल्या मनात गुणाकार केला आणि पाच टनांचं यंत्र सांगितलं. तिसऱ्यांनी आधी माझी वही मागितली. १०० डिग्री-डेला १३ गॅलन हे वाचल्यावर त्यांनी खिडक्या मोजल्या, पोटमाळ्यावर चढून इन्सुलेशनची जाडी पाहिली आणि दोन दिवसांनी उष्णतेचा सगळा हिशोब लिहून दिला: तीन टन पुरेसं. काम त्यांनाच दिलं.

नुसता एसी बदलला तर ६,२०० डॉलर, थंड प्रदेशासाठी बनवलेला हीट पंप जुन्या फर्नेसवर बसवला तर ११,४००. तुलना करायची ती या फरकाची, ५,२०० ची, पूर्ण किमतीची नाही. त्यातून केंद्र सरकारची करसवलत २,००० डॉलर आणि वीज सहकारी संस्थेची सूट ७००. राहिले २,५००. ही करसवलत आता नाही. ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना ती मिळत नाही. म्हणून आज हिशोब करणाऱ्याने माझा हा आकडा उचलू नये.

यंत्राच्या कागदावर वेगवेगळ्या तापमानांचा सीओपी छापलेला असतो. आमच्या यंत्राचा ४७ फॅरेनहाइटला ३.८, १७ ला २.५, ५ ला २.१ आणि उणे १३ ला १.६. मग मी एक लाख बीटीयूची किंमत काढली. अमेरिकन लोक याला थर्म म्हणतात. आपल्याला लाखाची सवय, त्यामुळे मला हे माप लगेच आपलंसं वाटलं. २.१० च्या प्रोपेनवर आमच्या ८० टक्केवाल्या फर्नेसमधून एक लाख बीटीयू २.८७ डॉलरला. साध्या विजेच्या हीटरवर ४.४०. हीट पंपाचा सीओपी २.५ असेल तर १.७६, दोन असेल तर २.२०, दीड असेल तर २.९३. म्हणजे दीडच्या जरासा वर असेपर्यंत वीज स्वस्त, आणि आमचं यंत्र उणे दहाला, म्हणजे उणे २३ सेल्सिअसलाही दीडच्या वरच होतं.

ऑक्टोबरात यंत्र बसलं. बाहेरचा पंखा जमिनीपासून दीड फूट उंच चौकटीवर, बर्फात गाडला जाऊ नये म्हणून. नोव्हेंबरच्या मध्याला मी सवयीने टाकीचं झाकण उघडलं. काटा ६४ वर. महिन्याभरात ८० चा ६४! पाचशेच्या टाकीचे सोळा टक्के म्हणजे ८० गॅलन गेले होते, जवळपास आधीच्या हिवाळ्यांइतकेच. हीट पंप मग करतो काय?

रात्री जेवणं झाल्यावर थर्मोस्टॅटच्या मेनूत शिरले. तिथे आत, बसवणाऱ्यांसाठी असलेल्या भागात, एक ओळ होती: बाहेरचं तापमान याखाली गेलं की हीट पंप बंद, फर्नेस चालू. आणि समोर आकडा ३५. पस्तीस फॅरेनहाइट म्हणजे जेमतेम पावणेदोन सेल्सिअस. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आमच्याकडे पारा बहुतेक काळ त्याच्या खालीच असतो. अकरा हजारांचं यंत्र अंगणात उभं आणि घर तापवत होती १९९९ ची फर्नेस.

ठेकेदारांना फोन केला. ते भले माणूस. म्हणाले, आम्ही सगळीकडे पस्तीसच ठेवतो, कमी आकड्याला लोक तक्रार करतात की हवा गरम लागत नाही. हेही खोटं नाही. फर्नेसची हवा जाळीतून सणसणीत गरम येते, हात शेकता येतात. हीट पंपाची हवा कोमट असते आणि बराच वेळ वाहत राहते. खोलीचं तापमान तेच, पण अंगाला फरक कळतो. पुढे आई राहायला आली तेव्हा जाळीजवळची खुर्ची तिने पहिल्याच दिवशी हलवली.

मी आकडा खाली आणायचं ठरवलं. पण किती? पैशाच्या हिशोबाने उणे दहापर्यंत चाललं असतं. पण थंडी वाढते तशी यंत्राची ताकद कमी होते आणि त्याच वेळी घराची भूक वाढते. या दोन रेषा आमच्या घरासाठी पाच फॅरेनहाइटच्या आसपास एकमेकींना छेदतात. त्याखाली एकटा हीट पंप घर सत्तरवर ठेवू शकत नाही. आणि आमच्यासारख्या जोडणीत हीट पंपाची कॉइल फर्नेसच्या पुढेच बसवलेली असते, त्यामुळे दोन्ही एकत्र चालवता येत नाहीत. हा किंवा तो. म्हणून पैसे काहीही म्हणोत, आमचा आकडा ५. उणे १५ सेल्सिअस.

तो बदल मी १७ नोव्हेंबरला रात्री केला. नंतर टाकीचा काटा हलायचा जवळपास थांबला.

पहिल्या कडक रात्री मी दचकून उठले. बाहेरच्या यंत्राचा घुमणारा आवाज एकदम थांबला, पाठोपाठ फुस्स झालं. खिडकीतून पाहिलं तर यंत्रातून पांढरे लोट निघत होते, अंगणातल्या दिव्याच्या उजेडात धुरासारखे. मला आगच वाटली. पण ते डीफ्रॉस्ट होतं. बाहेरच्या जाळीवर दव गोठतं, ते वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालतं आणि वितळलेल्या पाण्याची वाफ होते. आता आवाजावरून कळतं, कूसही बदलत नाही.

जानेवारी २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या अंगणातला थर्मामीटर उणे १८ वर गेला, उणे २८ सेल्सिअस. त्या दोन-तीन दिवसांत हीट पंप गप्प होता आणि जुनी फर्नेस न थांबता धडधडत होती. तिच्याबद्दल मला त्या रात्री फार आपुलकी वाटली. वीज गेली तर प्रोपेन असतंच, असा मात्र एक समज आहे, तो चुकीचा. फर्नेसचा पंखा विजेवरच चालतो. वीज नसेल तर भरलेली टाकी असून घर थंडच पडतं, जनरेटर नसेल तर.

त्याच महिन्यात आमचं दुसरं मीटर बसलं. आमची वीज सहकारी संस्था हीटिंगसाठी वेगळा, स्वस्त दर देते, युनिटला ८ सेंट, अट एकच: मागणी शिगेला पोचली की ते दुरून तुमचा हीट पंप काही तास बंद करणार, आणि तेवढा वेळ घर तापवायला विजेऐवजी दुसरं इंधन आपोआप सुरू झालं पाहिजे. प्रोपेनची फर्नेस असल्यामुळेच आम्ही त्या दराला पात्र ठरलो. इलेक्ट्रिशियनचे ९०० डॉलर झाले. ज्या टाकीवर मी इतकी चिडले होते, तीच टाकी आम्हाला स्वस्त वीज मिळवून देत होती.

एप्रिलमध्ये हिशोब मांडला. पॅनेलमध्ये हीट पंपाच्या तारेवर वीज मोजणारा क्लॅम्प लावला होता, त्यामुळे युनिट अचूक होते. डिग्री-डेच्या हिशोबाने जुन्या पद्धतीने ९३५ गॅलन लागले असते. फर्नेसने प्रत्यक्षात १६० वापरले, त्यातले निम्मे तर त्या पस्तीसच्या महिन्यातच. वाचले ७७५ गॅलन, २.१० ने १,६२७ डॉलर. हीट पंपाने घेतले ६,४०० युनिट, त्यातले ३,९०० पंधरा सेंटने आणि २,५०० आठ सेंटने, मिळून ७८५ डॉलर. फरक ८४२. घातलेले ३,४०० चार वर्षांत निघतील. मे महिन्यात एक पत्र आलं, की तुमचा वापर कमीत कमी मर्यादेखाली गेला, सबब यंदापासून टाकीचं भाडं ११० डॉलर. तेही वहीत उतरवलं.

हे आकडे मी अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमधल्या मैत्रिणीला पाठवले, तर तिचं गणित वेगळंच निघालं. तिची वीज ३० सेंट, प्रोपेन ३.४० आणि फर्नेस ९५ टक्क्यांची. तिथे सीओपी सव्वादोनच्या खाली गेला की प्रोपेन स्वस्त. तिने आपला आकडा पंधरावर ठेवला आहे. आमचा पाच तिला महागात पडला असता.

त्यानंतरच्या जुलैत भाव बांधायचा फॉर्म आला. त्यात मी २५० गॅलन लिहिले. आजोबांना ते कळल्यावर त्यांनी बुटांच्या खोक्यात भरलेली बिलं आणून माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, १९९८ पासूनची, वर्षवार रबरबँड लावलेली. त्यांना एसी बदलायचा होता. आम्ही दोन संध्याकाळी बसलो. त्यांची फर्नेस नवी, प्लास्टिकच्या पाइपवाली, आणि मका वाळवायला टँकरभर घेतात म्हणून प्रोपेन त्यांना १.५५ ला पडतं. एक लाख बीटीयूला १.७८. म्हणजे सीओपी अडीचच्या वर असेल तेव्हाच वीज परवडणार. आजींनी विचारलं, मग घ्यायचा की नाही? शरदात आणि वसंतात तो काम करेल, मी म्हटलं, ऐन थंडीत तुमची टाकीच बरी. आजोबांनी खिशातून पेन्सिल काढून मला दिली. ठेकेदाराला द्यायच्या कागदावर, थर्मोस्टॅटच्या ओळीपुढे, मी २० लिहिलं आणि पस्तीस नको म्हणून खाली रेघ ओढली.